लग्न संपल्यानंतरची पट्टी

“लग्न तो पती गयुं, काका! हवे शुं जुओ छो?”

चिरागभाईंनी काउंटरवरून विचारलं. लग्न संपलं, आता काय बघताय? दिघेकाकांनी मान वळवली नाही. टीव्हीवरची नवरी केव्हाच गाडीत बसून गेली होती, चाकाखालचा नारळ फुटला होता, तिच्या आईचे डोळे पुसून झाले होते आणि दोन गुलाबांच्या मधोमध ‘आभार’ अशी अक्षरंही येऊन गेली होती. आता नुसत्या मुंग्या होत्या, करड्या, खरखर करणाऱ्या. काका स्टुलावर ताठ बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्या मुंग्यांकडे बघत होते. परक्या घरी चहाची वाट बघत बसावं तसे.

“पट्टी संपल्याशिवाय कॅसेट संपत नाही,” ते म्हणाले. मराठीत. चिरागभाईंना मराठी कळतं, पण ते न कळल्यासारखं करतात. काकांना गुजराती उत्तम यायचं, पण दुकानात ते मराठीतच उत्तर द्यायचे. दोघांचं असं बरं चाललं होतं.

तो माझा दुकानातला दुसरा दिवस होता. बडोद्याच्या सुभानपुऱ्यातलं हे दुकान लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट घेतं आणि त्यातली लग्नं, मुंजी, वाढदिवस पेन ड्राइव्हवर उतरवून देतं. काका व्हीसीआर सांभाळायचे, मी कॉम्प्युटर. कॅसेट जितका वेळ चालते तितकाच वेळ ती उतरायला लागतो, त्यात घाई करता येत नाही. चिरागभाईंचा नियम सोपा होता. लग्न संपलं की रेकॉर्डिंग बंद, कॅसेट बाहेर, दुसरी आत. मी रेकॉर्डिंग बंद करायचे, पण कॅसेट बाहेर काढायला काका हात लावू द्यायचे नाहीत. पुढची पट्टी नुसती टीव्हीवर चालत राहायची, अर्धा तास, तास, शेवटी खट् असा आवाज येईपर्यंत. तो आला की काका म्हणायचे, “हं. आता काढ.”

मला कारण विचारायला दीड महिना लागला. मी इंग्रजी शाळेत शिकले. माझं मराठी कारेलीबागेतल्या आमच्या तीन खोल्यांतलं आहे, आणि त्या खोल्यांबाहेर ते नेताना मला अजून संकोच वाटतो. बाहेर गुजराती, हिंदी, इंग्रजी, आणि शक्य असेल तिथे गप्प राहणं. काकांनी पहिल्याच आठवड्यात निदान केलं होतं. “तुझं मराठी सबटायटलसारखं आहे गं,” ते म्हणाले. “बरोबर असतं, पण उशिरा येतं.”

काका सत्तरीच्या पुढचे होते. बारीक, उंच, शर्टाच्या खिशात एक स्क्रूड्रायव्हर आणि एक पेन. कॅसेट हातात आली की ते आधी तिचा वास घ्यायचे. “डांबराच्या गोळ्या. कपाटात होती, साड्यांमध्ये,” किंवा “देवघराशेजारी. उदबत्ती,” आणि वास दमट असला तर गप्प होऊन ती उन्हात ठेवायचे. मग झाकण उघडून पट्टीवर बुरशी आहे का बघायचे. आणि मग, प्रत्येक कॅसेटच्या बाबतीत, न चुकता, स्क्रूड्रायव्हरने तिचं नाक मोडायचे.

नाक हा त्यांचा शब्द. कॅसेटच्या पाठीला, कोपऱ्यात, प्लास्टिकचा एक छोटा चौकोन असतो. तो मोडला की त्या कॅसेटवर कुणाला पुन्हा काही भरता येत नाही, जे आहे ते राहतं. आता कोण कशाला भरणार होतं? असलं मशीन शहरात किती जणांकडे शिल्लक असेल? तरी काका कट्कन चौकोन मोडायचे आणि बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. डबा अर्धा भरला होता. एका गिऱ्हाइकाने एकदा विचारलं, “अंकल, आ शुं तोडो छो?” काका म्हणाले, “वाईट सवय.”

कारण मला स्कूटरवर कळलं. तेही कारेलीबागेतच राहायचे, आमच्या दोन सोसायट्या पलीकडे. पावसाळ्यात त्यांच्या बसचे हाल व्हायला लागले तेव्हा मीच, तीन दिवस वाक्य जुळवून, म्हटलं की माझ्या मागे बसा. मग रोजच बसायला लागले. मांडीवर कापडी पिशवी, एक हात सीटच्या मागच्या कडीला. गाडीवर ते बोलत नसत. पण फतेहगंजला सिग्नल मोठा आहे. त्या सिग्नलला मी विचारलं, आणि पुढचे चार-पाच दिवस, एकेका सिग्नलला थोडं थोडं करून, त्यांनी सांगितलं.

टीव्हीवर एकच चॅनेल होतं तेव्हाची गोष्ट. मांडवीत काकांची कॅसेट लायब्ररी होती. भाड्याने सिनेमे द्यायचे, लग्नाच्या मोसमात शूटिंग करायचे, आणि आठवड्यातून एकदा एक हिंदी मालिका भरून ठेवायचे. ‘डाकघर के सामने’. अठरा भाग. पोस्टासमोरचं एक घर, त्यात रिटायर झालेले बाबूजी, त्यांची टायपिस्ट मुलगी उषा, आणि भांडून घर सोडून गेलेला मुलगा, ज्याचं नाव घरात कुणी घ्यायचं नाही. बस, एवढंच. सतराव्या भागात त्याचं पत्र येतं. भागाच्या शेवटी जिन्यावर पावलं वाजतात, बाबूजी चष्मा चढवून खुर्चीतून उठतात, आणि नावं सुरू होतात.

“आणि अठराव्यात?” मी विचारलं.

“तेच तर,” काका म्हणाले, आणि सिग्नल सुटला.

अठरावा भाग त्यांनी भरला होता, बघितला नव्हता. त्या संध्याकाळी हंसाकाकी दाहोदला होत्या. परत आल्या की दोघांनी मिळून बघायचा, मग नाक मोडायचं, मग लेबल लिहायचं, असं काकांनी ठरवलं होतं. भरताना त्यांनी दुकानातला टीव्हीसुद्धा बंद ठेवला, चुकून दिसू नये म्हणून. ज्या कॅसेटवर भरला तिच्यावर आधीच दीड तासाची क्रिकेटची मॅच होती. तिच्या पाठोपाठ भाग. कॅसेट तशीच, बिनलेबलाची, बिनमोडल्या नाकाची, ढिगावर ठेवली. तीन दिवसांनी लग्नाच्या प्रती करून द्यायच्या होत्या, कोऱ्या कॅसेट संपल्या होत्या, आणि काकांनी स्वतःच्या हाताने ती कॅसेट उचलून तिच्यावर कुणाचं तरी लग्न भरून दिलं.

“कुणाचं?”

“मोसम होता बेटा. त्या आठवड्यात अकरा घरी कॅसेट गेल्या.”

हिशेब सरळ होता. लग्न दीड तासात आटोपलं असेल तर ते मॅचवर बसलं, आणि त्याच्यापुढे अठरावा भाग अजून शाबूत आहे. लांबलं असेल तर गेला. म्हणून काका पट्टी शेवटपर्यंत चालवायचे. “या शहरात आटोपशीर लग्न करणारं एक घर निघालं की झालं,” ते म्हणाले. हसले नाहीत.

लायब्ररी बुडाल्यावर त्यांनी बरीच कामं केली. शेवटी, साठी उलटल्यावर, या दुकानात आले. चिरागभाईंना वाटायचं की त्यांनी म्हाताऱ्यावर उपकार केला. काका या दुकानात का आले ते त्यांना माहीत नव्हतं. बडोद्यातल्या सगळ्या कॅसेट कधी ना कधी इथे येणार होत्या, एवढं साधं ते होतं.

दुसरे मार्ग त्यांनी करून बघितले होते. मालिका काढणाऱ्या निर्मात्याच्या घरी पत्र लिहिलं, तर मुलाने कळवलं की वडील गेले, मूळ प्रती पुराच्या पाण्यात गेल्या. इंटरनेटवर मी शोधलं. तिसरा भाग होता, अर्धा, भलत्याच नावाने. आणि माणसांना विचारावं, तर तो प्रकार मी डोळ्यांनी पाहिला. साठीच्या पुढचं गिऱ्हाईक दिसलं की काका पावती देता देता सहज विचारायचे, “तुम्ही ‘डाकघर के सामने’ बघायचात का?” बऱ्याच जणांनी बघितलेलं असायचं. एकदा रेल्वेतून रिटायर झालेले एक गृहस्थ आणि अलकापुरीच्या एक बेन एकाच वेळी काउंटरवर होते.

“शेवटी बाबूजी मरतात,” रेल्वेवाले म्हणाले. “खुर्चीतच. मला पक्कं आठवतं.”

“अरे, होय कंई! मरतात कुठले!” बेन म्हणाल्या. “दार उघडतात. मुलगा बायकोला घेऊन आलेला असतो. लाल साडी.”

“लाल कुठली? आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता.”

“तो तमारो हतो! अमारो कलर हतो.”

दोघंही चिडून गेली. काका पावतीबुक मिटत म्हणाले, “प्रत्येकाने आपापल्या घरातला शेवट लावून घेतलाय.” रेल्वेवाल्यांचे वडील तसे गेले असतील का, असा विचार माझ्या मनात आला. विचारलं नाही.

असं असूनही काका पट्टीच्या शेपटात जे सापडेल ते मन लावून बघायचे. लग्नांच्या मागून काय काय निघायचं! बातम्यांचा तुकडा, साबणाची जाहिरात, परीक्षेच्या वेळापत्रकाची निवेदनं. एकदा एका शिंपी कुटुंबाच्या कॅसेटमध्ये, लग्नानंतर चाळीस मिनिटांनी, बनियन घातलेले एक आजोबा खाटेवर बसून भजन म्हणताना निघाले. कुणीतरी कॅमेरा चालू आहे का बघायला धरला असेल. काकांनी मला ओरडून रेकॉर्डिंग सुरू करायला लावलं. घरच्यांना वाटत होतं की त्यांचा आवाज कुठेच नाही. त्यांचा मुलगा, चांगला पन्नाशीचा, काउंटरला धरून उभा राहिला. त्या दिवसापासून चिरागभाईंनी मुंग्यांवरून टोमणे मारणं कमी केलं. बंद नाही केलं.

मग नवीन ‘डाकघर के सामने’ आलं. मोबाइलवर, नव्या नटांचं. चिरागभाईंनी कौतुकाने काकांच्या फोनवर लावून दिलं. “ल्यो काका, तमारी सिरियल! शेवटही आहे, सगळं आहे, घरी जाऊन काकींना ऐकवा.”

ऐकवा, कारण काकींना दिसत नव्हतं. साखरेने आधी डोळे नेले आणि मग मूत्रपिंडं. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असायचं, ते दोन दिवस काका दुकानात नसायचे. घरी एक छोटा स्पीकर होता. त्यावर काका जुने सतरा भाग लावायचे आणि काकी ऐकायच्या. त्यांना सगळे पाठ होते. उषाच्या आधी त्या उषाचं वाक्य म्हणायच्या.

त्या संध्याकाळी मी काकांना सोडायला गेले तेव्हा काकींनी आतून हाक मारली, “ए छोकरी, ये ने आत. आज नवी सिरियल आहे.” मी बसले. काकांनी लावली. आता पोस्टाच्या जागी कॉफीचं दुकान होतं, बाबूजी जिममध्ये जाणारे होते, आणि प्रत्येक वाक्याच्या मागे व्हायोलिनं होती. काकी पलंगावर पाय सोडून, मान थोडी तिरकी करून ऐकत होत्या. दहा मिनिटांनी म्हणाल्या, “ही माणसं घरात राहत नाहीत.”

“का गं?” काकांनी विचारलं.

“भांडी कुठे आहेत? नळ कुठे आहे? त्या उषाच्या घरात कोणी बोलत नसलं की खाली सायकलची घंटी ऐकू यायची, पंखा किटकिट करायचा. इथे कोणी गप्पच बसत नाही. गप्प बसलं तर बाजा वाजतो.” आणि मग, हात हवेत फिरवून, “बंद करो. डोकं दुखतं.”

काकांनी बंद केली. ते मनातून खूश झाले होते, ते त्यांच्या कानांवरून कळत होतं. त्यांचे कान लाल व्हायचे.

काका नव्याला नावं ठेवणारे नव्हते. त्यांना नवा फोन आवडायचा, मेट्रो येणार असं कुणी म्हटलं की ते खुलायचे. पण एकदा केलेली गोष्ट पुन्हा करायला घेतली की पहिल्यांदा करणाऱ्याला जे माहीत नव्हतं ते सगळं दुसऱ्याला माहीत असतं, आणि तिथेच ती बिघडते, असं त्यांचं म्हणणं. “पहिल्या बाबूजींना माहीत नव्हतं की दारात काय आहे,” ते म्हणाले. “या नव्याचं तोंड बघ. याने स्क्रिप्ट वाचलेलं आहे.”

काका चहा टाकायला आत गेले तेव्हा मी काकींना विचारलं, तुम्हाला काय वाटतं, बाबूजी दार उघडतात?

“मला?” काकी म्हणाल्या. “मला वाटतं नाही उघडत. पण माझ्या वाटण्यावर कोणी सिरियल नाही बनवली.” थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं, भाजी आणायला गेले होते अशा आवाजात. त्या मूळच्या दाहोदच्या, गुजराती. मराठी मुलाशी लग्न केलं म्हणून वडिलांनी बारा वर्षं दार बंद ठेवलं. आजारी आहेत असं कळल्यावर त्या एकट्या गेल्या, बाहेरच्या ओट्यावर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसल्या. आत वडिलांच्या खोकण्याचा आवाज येत होता. दार उघडलं नाही. त्या परतल्या आणि नंतर महिन्याभरात वडील गेले. “तेच संध्याकाळी इथे छेल्लो, शेवटचा एपिसोड होता,” काकी म्हणाल्या. “यांनी सांगितलेलं, तू जा, मी भरून ठेवतो. गाडीत मी एकच विचार करत होते. घरी जाऊ, आणि बघू, त्यांनी तरी उघडलं का.”

काका चहा घेऊन आले. दोन कप आणि काकींसाठी मोजून अर्धा. त्यांना पाणीसुद्धा मोजून असायचं.

त्या दिवसानंतर मंगळवारी आणि शुक्रवारी, काका नसताना, मीही पट्ट्या शेवटपर्यंत चालवायला लागले. काकांनी सांगितलं नव्हतं. चिरागभाई बघायचे आणि कपाळाला हात लावायचे, “तमने पण लागी गयुं, हे वेड?”

तो शुक्रवार होता. परदेशातून आलेल्या एका जोडप्याच्या चार कॅसेट होत्या, तिसरी चालू होती. साधं लग्न, वाडीतलं, माणसं कमी. एक तास दहा मिनिटांत नवरी गाडीत बसली. मी रेकॉर्डिंग बंद केलं. मुंग्या. मी फायलींना नावं देत होते. टाळ्यांचा आवाज आला म्हणून वर बघितलं, तर टीव्हीवर पांढऱ्या कपड्यांतले खेळाडू धावत होते.

मी खुर्ची टीव्हीकडे वळवली. तीन ओव्हर झाल्या, चार झाल्या. मॅच मध्येच तुटली, एक क्षण काळं, आणि सायकलची घंटी वाजली. तिच्यामागे बासरी. ती मी काकांच्या घरी इतक्यांदा ऐकली होती की मला खोलीतला पंखासुद्धा ऐकू आला. नावं गेली. जिना. पावलं. बाबूजी खुर्चीतून उठले, चष्मा सारखा केला, चालत आले. ते खरंच हळू चालायचे. रेकॉर्डिंगचं बटण माऊसखाली होतं आणि मी ते दाबलं नाही, कारण मी बघत होते.

“बेन, लग्न पती गयुं ने?” चिरागभाई दारात होते. त्यांच्या मागे ते गिऱ्हाईक, मनगटावरचं घड्याळ बघत. “आपी दो, एमने मोडुं थाय छे.”

त्यांना उशीर होत होता. मला तीन भाषांत ‘दोन मिनिटं’ म्हणता येतं. एकाही भाषेत म्हटलं नाही. परका माणूस माझ्याकडे बघत उभा होता आणि माझा हात आपोआप उठला, मी स्टॉप दाबलं, मग इजेक्ट. कॅसेट पिशवीत घातली. चौथी कॅसेट रिकामी आहे, राहू द्या, असं तो म्हणाला. मी मान हलवली. थँक यू सुद्धा म्हटलं.

पावतीवर त्याचा नंबर होता. फोन करणं मला जमण्यातलं नव्हतं. मेसेज लिहायला घेतला. इंग्रजीत लिहिला, हे विचित्र वाटेल म्हणून खोडला, पुन्हा लिहिला, त्यात कारण घातलं, कारण काढलं. चौथ्या दिवशी पाठवला. अर्ध्या तासात उत्तर आलं. सगळं छान झालंय, आईला खूप आवडलं. जुन्या कॅसेट काल विमानतळावर निघायच्या आधी टाकून दिल्या, सामानात वजन होत होतं. आणि एक अंगठा.

काल.

मी काकांना सांगितलं नाही. रोज ते माझ्या मागे बसायचे, कापडी पिशवी मांडीवर. फतेहगंजचा सिग्नल रोज तेवढाच मोठा होता. हेल्मेटच्या आत मी वाक्य जुळवायचे आणि दिवा हिरवा व्हायचा. काका दुकानात पट्ट्या चालवत राहिले. ते मुंग्यांकडे बघायला लागले की मी उठून बाहेर जायचे. काउंटरवर काही काम नसायचं, मी रबरबँड सोडवत उभी राहायचे. त्यांच्या लक्षात आलं असेल. “जा, हवा खाऊन ये,” म्हणायचे. “तुझ्या वयाच्या मुलीने एवढी लग्नं बघू नयेत.”

दिवाळीनंतर काकींचं बिघडलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मग हॉस्पिटलमध्येच. मी भेटायला गेले तेव्हा काका औषधं आणायला खाली गेले होते. काकींचे हात फुगले होते. माझ्या चपलांचा आवाज त्यांनी ओळखला.

“छोकरी? बस ने.” मी बसले. पलीकडच्या खाटेवरची बाई कण्हत होती. काकी बराच वेळ ते ऐकत राहिल्या. मग विचारलं, “तू तिथे असतेस, यांच्याजवळ. हे मला खोटं सांगतात, आज सापडेल, उद्या सापडेल. तू खरं सांग. काही मिळालं?”

“नाही,” मी म्हटलं.

हे मात्र मला लगेच आलं.

काकींनी मान डोलावली. “चाल,” त्या म्हणाल्या. “मग नसेलच उघडलं.”

त्या सहाव्या दिवशी गेल्या. दाहोदहून त्यांचा भाऊ आला होता, काकांपेक्षा म्हातारा. दोघं एका सतरंजीवर शेजारी शेजारी बसले होते आणि बोलत नव्हते.

पंधरा दिवसांनी काका दुकानात परत आले. वास घेतला, नाक मोडलं, कॅसेट लावली. लग्न संपलं. मला वाटलं आता काढतील. ते स्टुलावर तसेच बसले, हात गुडघ्यांवर. चिरागभाई काउंटरवरून बघत होते. मीच विचारलं, “काका, अजून?”

“आता कुणाला ऐकवायचं आहे म्हणून नाही,” काका म्हणाले. “पण मध्येच उठून जाणं बरं दिसत नाही.”

होळीच्या सुमारास शेवटच्या व्हीसीआरचं हेड गेलं. काकांनी दोन मशीन मोडून एक जुळवलं, ते आठ दिवस चाललं. पुढे सुटे भाग मिळेनात. कॅसेटही तशा थोड्याच यायच्या. ज्यांना उतरवायच्या होत्या त्यांनी उतरवून घेतल्या होत्या, बाकीच्यांनी टाकल्या होत्या. चिरागभाईंनी काकांना शाल दिली, पेढे दिले, आणि स्टुलाच्या जागी पासपोर्ट फोटो काढायचा पांढरा पडदा लावायचं ठरवलं. वाईट कुणीच वागलं नाही.

शेवटच्या दिवशी काकांनी कापडी पिशवीत शाल ठेवली, स्क्रूड्रायव्हर ठेवला, आणि तो बिस्किटांचा डबा. डबा आता काठोकाठ होता. गाडीवर, खड्डा आला की माझ्या पाठीमागे तो खुळखुळायचा. फतेहगंजला सिग्नल लागला. दिवा लाल होता, मग हिरवा झाला.

त्यांच्या सोसायटीत मी गाडी थांबवली. काका उतरले, पिशवी सावरली. “येतो बेटा,” म्हणाले. “हळू जा.” तळमजल्यावरच त्यांचं दार. आधी ते पायरीवर पाय ठेवायच्या आतच आतून काकींचा आवाज यायचा, “उघडंच आहे.” आता बाहेरून कुलूप होतं. काकांनी चष्मा सारखा केला, किल्ली शोधली. कुलूप काढून खिशात ठेवलं. मग कडीला हात घातला आणि तसेच उभे राहिले, दार न ढकलता, आतून काही ऐकू येतंय का बघत असल्यासारखे.

मी गाडी बंद केली. हेल्मेट काढलं.

“काका,” मी म्हटलं, “अठरावा भाग मला सापडला होता. काकी असतानाच. बाबूजींचा हात असाच कडीवर होता, आणि मी बंद केलं.”